मावशींच्या जागी मी

१ जुलै, सोमवार

लेकीने ही वही पाठवून दीड महिना झाला. निवृत्त माणसाने रोज काहीतरी लिहावं, डोकं ठिकाणावर राहतं, असं तिचं म्हणणं. माझं डोकं ठिकाणावरच आहे, फक्त ठिकाण बदललंय. चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकाशी टाइमकीपर म्हणून बसलो, आता स्वयंपाकघरात भाजी निवडत बसतो. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आज घडलं.

ही शाळेतून आली ती चपला काढायचं विसरून थेट आत. ही म्हणजे माझी बायको. मुलींच्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका, एकोणतीस वर्षं नोकरी झालेली, दोन राहिलेली. पर्समधून एक परिपत्रक काढून तिने माझ्या भाजीशेजारी ठेवलं. राज्याच्या अर्थसंकल्पात शिक्षणाच्या पैशाला कात्री लागली हे मी पेपरात वाचलं होतं आणि वाचून पान उलटलं होतं. दोनशेपेक्षा कमी मुली असलेल्या शाळांतलं शिपायाचं पद ऑगस्टपासून रद्द, आणि दुरुस्तीचं अनुदान निम्मं. हिच्या शाळेत एकशे शहाऐंशी मुली.

म्हणजे मावशी गेल्या. मावशी या शाळेच्या शिपाईबाई. बावीस वर्षं घंटा, किल्ल्या, झाडलोट, पाणी, सगळं त्यांच्याकडे. घरी म्हातारी आई आहे आणि कमावणाऱ्या त्या एकट्या.

"शेवटची ओळ वाचा," ही म्हणाली. मी मोठ्याने वाचली. 'पदाअभावी शाळेच्या कामकाजात गंभीर अडचण येत असल्याचे दिसून आल्यास तीन महिन्यांनंतर फेरविचार करण्यात येईल.'

"म्हणजे तीन महिने कळ काढायची, एवढंच ना?" मी म्हटलं.

ती चहा टाकायला उठली.

३१ जुलै, बुधवार

मावशींचा शेवटचा दिवस. निरोप-समारंभाला मावशींनीच साफ नाही म्हटलं. "मी कुठे मेलेय?" म्हणाल्या म्हणे. संध्याकाळी हिने किल्ल्यांचा जुडगा घरी आणला. एकतीस किल्ल्या, एकीवरही नंबर नाही. अशी किल्ल्यांची अवस्था आमच्या कारखान्यात असती तर साहेबांनी मला उभा चिरला असता.

५ ऑगस्ट, सोमवार

शाळा घरापासून सात मिनिटांवर आहे. ही साडेसातला घर सोडायची, आता सहाला सोडते. व्हरांडा झाडते, टाकीत पाणी चढवते, मग हात धुऊन मुख्याध्यापिका होते. घंटा गणिताच्या बाई वाजवतात. त्या वर्गात रंगल्या की घंटेचं भान राहत नाही, मग शाळेचे तास रबरासारखे ताणतात. मी घरात बसून ऐकतो. अकरा चौदाची घंटा अकरा पंचवीसला होते तेव्हा मी उठून घरातलं घड्याळ तपासतो.

मी म्हटलं, "मी येतो. फुकट येतो. घंटा आणि पाणी माझ्याकडे द्या."

"नको."

"अगं, पण का?"

"नको म्हटलं ना."

स्वभाव. मदत मागणं हिला आयुष्यात जमलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पहिलीतली एक पोर ओल्या जिन्यावरून घसरली. हनुवटीला तीन टाके. जिना पुसायला कोणी नव्हतं. ही दवाखान्यातून आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारपासून या. चार दिवस. घंटा, पाणी आणि जिना. बाकी कशात पडू नका."

मी घड्याळ दुकानात नेऊन सेकंदावर लावून आणलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

अकरा घंटा दिल्या आणि अकराही सेकंदावर. गणिताच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे माझा तास पहिल्यांदाच वेळेवर संपला." तिसरीतल्या एकीने मला टाइमआजोबा म्हटलं. दुपारपर्यंत ते शाळाभर झालं.

मावशींच्या कामात एक ढिसाळपणा सापडला. मधली सुट्टी संपताना त्या दोनदा घंटा द्यायच्या. एक वेळेवर आणि दुसरी तीन मिनिटांनी. दोनदा कशाला? मी दुसरी बंद केली. शाळेला दिवसाची तीन मिनिटं वाचवून दिली. हिला सांगितलं तर "हं" म्हणाली. थकली होती.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आजचा दिवस लिहू नये असं वाटतंय, म्हणजे लिहायलाच हवा.

दुपारी दुसरीतली एक मुलगी वर्गात चक्कर येऊन पडली. ऊन होतं. चेहऱ्यावर पाणी मारल्यावर उठली आणि घटाघट दोन पेले प्यायली. वर्गातल्या आणखी सहाजणींनी हात वर केले, "बाई, आम्हालापण पाणी." चार दिवस त्यांना सुट्टीत पाणीच मिळालं नव्हतं, आणि कोणी बोललं नव्हतं.

बातमी कशी पोचली कोण जाणे, चारच्या सुमारास मावशी फाटकात हजर. घरी खोकी दुमडण्याचं काम घेतलंय, बोटांना डिंक चिकटलेला तसाच. मला सरळ नळांपाशी घेऊन गेल्या.

"भाऊ, नळ किती?"

"चार."

"चालतात किती?"

दोन. दुरुस्तीचा अर्ज पडून आहे.

"सुट्टीत मोठ्या पोरी नळ धरतात. पहिली घंटा झाली की त्या वर्गात पळतात. तेव्हा कुठे धाकट्यांचा नंबर लागतो. त्यांना तीन मिनिटं लागतात. मग दुसरी घंटा."

वेळापत्रकात हे कुठेच लिहिलेलं नाही. बावीस वर्षं ही बाई रोज तीन मिनिटं चोरून धाकट्यांना पाणी पाजत होती आणि मी तिला ढिसाळ म्हणालो. मी माफी मागितली. "तुम्हाला कुठून माहीत असणार?" एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून मी अर्धा तास येत जाईन. सगळं दाखवते."

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर शिकतोय. मी हाताखाली चाळीस माणसं वागवली, पण असा उस्ताद मला भेटला नव्हता.

टाकीचा कॉक वर उचलून अर्धाच फिरवायचा. पूर्ण फिरवला तर रात्रभर गळतो. प्रयोगशाळेचं दार खांद्याने दाबून मग किल्ली. चौथीतल्या एकीचे वडील तिला न्यायला पाऊण तास उशिरा येतात, तिला फाटकात एकटं ठेवायचं नाही, घंटेला ब्रासो लावायला बसवायचं. तिला वाटतं ती काम करतेय. अंधाऱ्या गोदामात जाताना आधी मोठ्याने खोकायचं, मांजर व्यालंय.

आणि खडूचं खोकं. वरच्या फळीवरच्या तिसऱ्या खोक्यात खडू नाहीत, बिस्किटं आहेत. तिसरीत एक मुलगी आहे, घरून काही न खाता येते. तिला रोज पहिल्या तासाला खडू आणायला पाठवायचं. ती येते, दाराआड दोन बिस्किटं खाते, हात पुसते, खडू घेऊन जाते. "कोणाला कळता कामा नये, भाऊ. तिला लाज फार." मी म्हटलं, बिस्किटं कुठून येतात? त्यांनी विषय बदलला.

मोठ्या मुलींच्या गरजेची एक पिशवी नकाशांच्या कपाटामागे असते. ती त्यांनी माझ्याकडे न देता चित्रकलेच्या बाईंकडे दिली. बरोबरच आहे.

काल शेवटची किल्ली समजावताना मावशींचा आवाज जरा बसला. डिंकाच्या वासाने होत असेल. गणिताच्या बाई तिथेच वह्या तपासत होत्या, त्या एकाएकी उठून आत गेल्या. मी काही चुकीचं बोललो होतो का, आठवून पाहिलं. नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

चार दिवसांसाठी बोलावलं होतं, तीन आठवडे झाले. एकतीस किल्ल्यांना पत्र्याचे बिल्ले करून नंबर टाकले. फाटकाला रंग दिला. एका बंद नळाला वायसर बसवला, आता तीन नळ चालतात. शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले, शाळा कशी लख्ख दिसतेय.

घरी येताना हिला म्हटलं, "बघितलंस फाटक?"

ती रस्त्यातच थांबली. "इतकं चांगलं करू नका हो," म्हणाली.

चौतीस वर्षांत मला कोणी काम वाईट कर असं सांगितलं नव्हतं. ते ऐकायला घरचंच माणूस लागलं. बायकोच्या शाळेत नवऱ्याचं कौतुक झालेलं हिला खपत नाही की काय?

५ सप्टेंबर, गुरुवार

एक चूक केली. मावशींनी बजावूनही केली. ती तिसरीतली खडूवाली मुलगी आज खडू न्यायला आलीच नाही, म्हणून मी दोन बिस्किटं घेऊन तिच्या वर्गाच्या दारात गेलो आणि म्हटलं, "बाळ, विसरलीस काय?" सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. ती मान खाली घालून म्हणाली, "मला भूक नाही."

माझा हेतू चांगला होता, हे लिहून काही उपयोग नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मन रमावं म्हणून एक चांगलं काम केलं. कारखान्यात दर महिन्याला मी वरच्या साहेबांना अहवाल द्यायचो. तसाच शाळेचा तयार केला. घंटा इतक्या, चूक शून्य. पाणी, स्वच्छता, किल्ल्या, दुरुस्ती, सगळं तक्त्यात. शेवटी लिहिलं, 'शाळेचे कामकाज सुरळीत चालू असून अडचण नाही.' स्वतः शिक्षण कार्यालयात जाऊन खिडकीवर दिला, पोच म्हणून शिक्का मारून प्रत घेतली. वरच्यांना कळू दे की ही शाळा किती मन लावून चालते. खूश झाले की मावशींचं पद परत द्यायला त्यांचा हात आखडणार नाही. हिला सांगितलेलं नाही. अचानक कळेल तेव्हा चेहरा बघण्यासारखा होईल.

१८ सप्टेंबर, बुधवार

ती मुलगी अजून खडू न्यायला येत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

काल कार्यालयातून फोन आला. तीन महिने व्हायच्या आतच, दहा ऑक्टोबरला, अधिकारी स्वतः येणार आहेत. 'शिपायाविना उत्तम चाललेली शाळा' बघायची आहे म्हणे. ही दिवसभर विचारत होती, त्यांना कोणी सांगितलं? मी गालातल्या गालात हसत होतो. आज सकाळी शिक्क्याची प्रत तिच्यापुढे ठेवली.

तिने वाचली. दोनदा वाचली. ओरडेल असं वाटलं, ओरडली नाही. ते परिपत्रक आणलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आता परत वाचा."

गंभीर अडचण येत असल्याचे दिसून आल्यास.

मी वाचलं. मग सावकाश कळत गेलं, आणि कळत गेलं तशी मान खाली जात गेली. अडचण दिसली तर पद परत मिळणार होतं. माझ्या प्रत्येक वेळेवरच्या घंटेने, रंगवलेल्या फाटकाने, नंबर घातलेल्या किल्लीने मी मावशींचं पद पुसत होतो. वर सही करून, शिक्का मारून कळवलं, अडचण नाही.

"मग तू मला आत घेतलंसच का?"

"त्या पोरीची हनुवटी फुटली होती," ती म्हणाली. "रोज ठरवायचे, उद्या यांना नको म्हणू. रोज सकाळी एकशे शहाऐंशी मुली फाटकात उभ्या असायच्या. काय करू?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता. आणि मला तुम्ही हवे होतात." मग जरा थांबून म्हणाली, "चुकलं माझं."

संध्याकाळी मावशींकडे गेलो. एका खोलीचं घर, भिंतीशी खोक्यांची चळत, म्हाताऱ्या आई कोपऱ्यात पुठ्ठे मोजून देत होत्या. मी सगळं सांगितलं. मावशींचे हात चालूच होते.

"मला ठाऊक होतं, भाऊ. परिपत्रक बाईंनी मलाच आधी वाचून दाखवलं होतं."

"मग मला शिकवलंत कशाला? गोंधळ होऊ द्यायचा होता शाळेचा!"

"पोरी तहानलेल्या होत्या ना," मावशी म्हणाल्या, आणि पुढचा पुठ्ठा ओढला.

मला बसवेना, उठवेना. आयुष्यभर मी लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपल्या आणि माणसं ओळखतो अशी घमेंड बाळगली. ही बाई रोज अर्धा तास स्वतःच्या कामावर पाणी सोडून मला स्वतःची नोकरी शिकवत होती, आणि मी तिचा आवाज डिंकाने बसला असं लिहून ठेवलं. मी त्यांच्या पाया पडलो नाही, कारण त्या संतापल्या असत्या. पण मनात पडलो.

"उद्यापासून मी शाळेत येत नाही," मी म्हटलं.

"यायचं," मावशी म्हणाल्या. "कागद तर गेलाच आहे. आता पोरींना कशाला शिक्षा?"

३ ऑक्टोबर, गुरुवार

जातो, घंटा देतो. टाइमआजोबा म्हणून हाक आली की कानकोंडा होतो. ही रोज संध्याकाळी नियमांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बसते. काय शोधतेस विचारलं तर म्हणाली, "सापडलं की सांगेन." मी ठरवलंय, अधिकाऱ्यांसमोर माझ्या सगळ्या चुका कबूल करायच्या. कारखान्यात मी एकही चूक कधी चारचौघांत मान्य केली नाही. त्यामुळे रोज आरशासमोर सराव करतोय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सविस्तर लिहितो, एक शब्दही सुटायला नको.

अधिकारी अकराला आले. वय चाळिशीतलं, बोलणं गोड. फाटक पाहिलं, किल्ल्यांचे नंबर पाहिले, जिन्यावरून हात फिरवून पाहिला. मुख्याध्यापिकेच्या खोलीत सगळे शिक्षक जमले होते. मावशींना हिने मुद्दाम बोलावलं होतं, त्या दाराशी उभ्या.

"बाई, हा तर आदर्श आहे," अधिकारी म्हणाले. "असे स्वयंसेवक प्रत्येक गावात मिळतील. मी तुमच्या शाळेचं उदाहरण वर पाठवणार आहे." मग माझ्यापुढे स्वयंसेवकाच्या संमतीचा एक छापील कागद सरकवला. "आजोबा, इथे सही करा."

मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, मला हे काम जमलेलं नाही. मी एक घंटा वाचवली आणि दुसरीतली पोर तहानेने पडली. एका मुलीची लाज मावशींनी दोन वर्षं राखली, ती मी एका वाक्यात घालवली. ती आता उपाशी बसते. मोठ्या मुली अडचणीच्या दिवशी मावशींकडे जायच्या, माझ्याकडे कशा येतील? चित्रकलेच्या बाई तासावर असतात. त्या निम्म्या दिवसात घरी जातात. हजेरी बघा. माझ्या अहवालातलं 'चूक शून्य' खोटं आहे."

अधिकारी हसले. "काय विनय आहे! बघा, जबाबदारीची किती जाणीव. असाच माणूस हवा."

मी आणखी चुका सांगितल्या. न खोकता गोदामात शिरून मांजरीकडून ओरबाडून घेतलं, तेही. जितक्या सांगाव्यात तितका माणूस खूश. चौतीस वर्षांत एकदा चूक कबूल करायला उभा राहिलो आणि त्याचंही कौतुकच झालं. शेवटी मी बसलो.

तेव्हा ही बोलली.

"साहेब, कागदावर यांचं नाव लिहिताना नातंही लिहा. हे माझे पती आहेत."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं.

"मुलींच्या शाळेत बाहेरच्या पुरुषाला लेखी आदेशाशिवाय कामाला ठेवता येत नाही. किल्ल्या देता येत नाहीत. नातेवाइकाला तर मुळीच नाही. मी ठेवलं, दोन महिने. आदेश नाही, परवानगी नाही, पोलिसांचा दाखला नाही." तिने नियमांचं पुस्तक उघडून पुढे ठेवलं, खूण घातलेलं. "शाळा सुरळीत चालली ती या बेकायदा व्यवस्थेवर. ती व्यवस्था मी या क्षणी बंद करतेय. आता तुम्हीच पाहा, ती वगळली तर शाळेत काय उरतं, आणि तेवढंच अहवालात लिहा."

"बाई, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय कबूल करताय?"

"लेखीच दिलंय. हे घ्या."

हिच्या सेवापुस्तकात एकोणतीस वर्षांत एक ताशेरा नाही. या गोष्टीवरून मी तिची थट्टा करत आलोय की तुझं सेवापुस्तक म्हणजे देव्हारा. ते पुस्तक तिने स्वतःच्या हाताने डागाळायला पुढे केलं. अधिकाऱ्यांनी आपला छापील कागद हळूच परत घेतला. जिचं उदाहरण वर पाठवायचं, तीच शाळा नियम मोडून चाललेली निघाली, तर तो कागद पाठवणार कुठे? चहा न घेताच गेले.

दाराकडे पाहिलं तर मावशी तिथे नव्हत्या. नळांपाशी उभ्या होत्या, पाठ करून.

घरी येताना मी हिला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"फार वाटली," ती म्हणाली. "हात द्या जरा."

सात मिनिटांचा रस्ता आम्ही हात धरून आलो. लग्नानंतर असे रस्त्याने कधी चाललो नव्हतो. मी या बाईबरोबर तीस वर्षं राहिलो आणि मला वाटत होतं, घरात हुशार माणूस मी आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कारणे दाखवा नोटीस आली. सात दिवसांत खुलासा द्या. मी म्हटलं, माझ्यावर ढकल, नवरा हट्टाने घुसला म्हण. ती म्हणाली, "तुमच्यावर ढकलण्यासारखं खूप आहे, पण हे नाही." खुलासा तीन ओळींचा लिहिला. आरोप मान्य, मुलींच्या सुरक्षिततेसाठी दुसरा मार्ग दिसला नाही, शिक्षा मान्य. शाळेत घंटा पुन्हा रबराची झाली आहे. मी कानात बोळे घालून भाजी चिरतो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

दोन पाकिटं एकाच टपालाने आली. एकात, शिपायाचं पद पुढील आदेशापर्यंत पुन्हा मंजूर. पुढील आदेश म्हणजे पुढचा अर्थसंकल्प, हे आता मलाही कळतं. दुसऱ्यात, मुख्याध्यापिकेच्या सेवापुस्तकात ताशेऱ्याची नोंद करण्यात यावी.

कारकुनाने नोंद केली. हिने वाचून खाली सही केली. घरी आल्यावर म्हणाली, "मला वाईट वाटतंय हो. वाटणार नाही असं वाटलं होतं." आणि रडली. मी शेजारी बसलो.

४ नोव्हेंबर, सोमवार

मावशी रुजू झाल्या. जुडगा द्यायला मी गेलो होतो. त्यांनी आधी माझे पत्र्याचे बिल्ले एकेक करून काढले, कारण ते वाजतात आणि दुसरीच्या वर्गाचं लक्ष उडतं. टाकीचा झिजलेला कॉक पाहून म्हणाल्या, "भाऊ, अर्धा म्हटलं होतं." पहिल्या तासाला तिसरीतल्या त्या मुलीला त्यांनी वर्गाबाहेरून नुसती हाक मारली, "ए, खडू संपलेत ग." ती उठून आली. मी खांबाआड उभा होतो, मला ती दिसली आणि मी तिथून सटकलो.

मग मावशी मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेल्या. हजेरीपत्रकावर सही करायची होती. कारकुनाने त्यांना ताशेऱ्याचं सांगितलेलं होतं, ते तोंडावरूनच कळत होतं. मी दारातच थांबलो.

ही म्हणाली, "बसा मावशी."

बावीस वर्षं या खोलीत त्यांना बसा म्हटलं जातंय. आधीच्या मुख्याध्यापिका म्हणायच्या, मग ही म्हणायला लागली. दर वेळी मावशी म्हणतात, "राहू दे बाई, उभीच बरी," आणि उभ्यानेच सही करून जातात.

आज त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. अगदी पाठ टेकून, टेबलापलीकडे हिच्यासमोर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ही त्यांच्याकडे बघत होती, त्या हिच्याकडे. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"उठते आता," मावशी म्हणाल्या. "दुसरा तास व्हायला आला."

मी घरी आलो आणि कुकर लावला.